कारभारी, मालक की उपरी? ख्रिस्ती धर्मचिंतनातला पृथ्वीचा प्रश्न

उंबरठा (धागाकर्ता)

अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांचा, पर्यावरणीय संकटाची ऐतिहासिक मुळे शोधणारा पाच पानी निबंध १० मार्च १९६७ रोजी 'सायन्स' या साप्ताहिकात छापून आला. तेव्हापासून ख्रिस्ती धर्म आणि पर्यावरण यांविषयीची बहुतेक चर्चा त्या पाच पानांभोवती फिरत राहिली आहे. व्हाइट हे मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे अभ्यासक होते. त्यांचा आवडता दाखला उत्तर युरोपातल्या जड नांगराचा. दोन बैलांचा जुना नांगर जमीन नुसती ओरखडत असे. आठ बैलांचा नवा नांगर ती कापून उलथी करू लागला, आणि त्याबरोबर माणसाचे जमिनीशी असलेले नातेही उलटले, असे त्यांचे म्हणणे होते. झाडाझऱ्यांत वास करणाऱ्या देवता ख्रिस्ती धर्माने हुसकावल्या आणि सृष्टी माणसासाठीच निर्माण झाली असे शिकवले, त्यामुळे तिचा बेदरकार वापर मोकळा झाला, हा त्यांचा आरोप आजही जसाच्या तसा उद्धृत केला जातो. व्हाइट स्वतः श्रद्धावान प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) होते आणि त्याच निबंधाच्या शेवटी त्यांनी असीसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणशास्त्राचा आश्रयदाता संत मानावे असे सुचवले होते, हा भाग मात्र सहसा गाळला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये ती घोषणा खरोखरच केली.

या आरोपाला दिले जाणारे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकात, पहिल्या अध्यायातील २८व्या वचनात माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आणि प्राण्यांवर सत्ता चालवण्याची आज्ञा आहे. उत्तर देणारे लगेच पान उलटतात आणि दुसऱ्या अध्यायातील १५वे वचन दाखवतात, जिथे माणसाला एदेन बागेत तिची मशागत आणि राखण करण्यासाठी ठेवले आहे. तिथला 'अबद' हा हिब्रू धातू मशागतीसाठी वापरला आहे, पण त्याचा मूळ अर्थ सेवा करणे असा आहे, आणि 'एबेद' म्हणजे दास हा शब्दही त्याच धातूचा. हे सारे खरे असले, तरी पहिल्या अध्यायातला 'काबाश' हा शब्द त्यामुळे मवाळ होत नाही. जिंकलेला मुलूख टाचेखाली घेणे, माणसांना गुलाम करणे, अशा ठिकाणी बायबल तोच शब्द वापरते. एक वचन दाखवून दुसरे झाकणे ही वकिली झाली.

मग सांगितले जाते की सत्ता म्हणजे मालकी नव्हे, कारभारीपण होय. माणूस हा देवाच्या घरचा कारभारी आहे. इंग्रजी धर्मशास्त्रात ही कल्पना मोठी प्रतिष्ठित आहे. मराठी कानाला मात्र ती जरा खटकावी. ज्यांच्या इतिहासात छत्रपतींचा कारभार पाहणारे पेशवे धनी झाले आणि पुढे पेशव्यांचे कारभारीच पेशव्यांना भारी झाले, त्यांना कारभाऱ्याच्या निष्ठेची हमी कोण देणार? येशूनेही लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात जो कारभारी उभा केला आहे, तो धन्याच्या देणेकऱ्यांच्या खतांवरचे आकडे बदलणारा आहे.

माझ्या मते या प्रश्नाचे खरे ठिकाण बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आहे. सहा वर्षे पेरणी करावी आणि सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा. त्या वर्षी जे आपोआप उगवेल ते मालकाने, दासाने, मजुराने, गुराढोरांनी आणि रानातल्या श्वापदांनीही खावे. सात वेळा सात वर्षे झाली की पन्नासावे वर्ष योबेलाचे. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. याचे कारण २३व्या वचनात आहे: जमीन कायमची विकता येणार नाही, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावर 'गेर' आणि 'तोशाव', म्हणजे परके आणि तात्पुरते रहिवासी, आहात. या जोडीसाठी मराठीत 'उपरी' हा शब्द मला सर्वांत चपखल वाटतो. मिरासदार जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, कबुलायतीवर कसणारा. बायबलच्या लेखी सारी मनुष्यजातच उपरी आहे, राजा असो वा मजूर.

उत्पत्तीत सत्ता चालवण्यासाठी 'रादा' हा जो धातू आला आहे, तोच याच पंचविसाव्या अध्यायाच्या ४३व्या वचनात पुन्हा येतो. कर्जापायी राबायला आलेल्या भाऊबंदावर कठोरपणे सत्ता चालवू नकोस, असे तिथे धन्याला बजावले आहे. सत्तेला कुंपण घालण्यासाठी ग्रंथाबाहेर जावेच लागत नाही.

पुढच्या सव्विसाव्या अध्यायात दंड आहे. तुम्ही विसावा दिला नाही, तर तुम्ही देशोधडीला लागाल आणि तुमच्या मागे ओसाड पडलेली जमीन आपला राहिलेला विसावा वसूल करील. यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासाची सत्तर वर्षे ही तीच वसुली होती, असे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस म्हटले आहे. हवामानबदलाच्या काळात हा अध्याय वाचताना माझी मान आपोआप खाली जाते. मतभेद असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

शंकासुर

लेख आवडला, पण मूळ गृहीतकच मला पटत नाही. धर्मग्रंथात काय लिहिले आहे यावर माणसे जमिनीशी कशी वागतात हे ठरते, याला पुरावा काय? व्हाइट यांच्या निबंधाच्या पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी चीनचे उदाहरण दिले होते. निसर्गाशी एकरूप होण्याचे तत्त्वज्ञान जिथे हजारो वर्षे नांदले, तिथेही डोंगर बोडके झालेच. एवढे लांब कशाला जायचे? नदीला माता म्हणून ओटी भरणाऱ्यांनीच मुळा-मुठेची आणि पंचगंगेची काय अवस्था केली आहे, ते पुणेकर-कोल्हापूरकरांनी सांगावे.

शिवाय एकाच ग्रंथातून दोन्ही बाजू निघतात. अमेरिकेत २००० मध्ये 'कॉर्नवॉल जाहीरनामा' निघाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) गटाने हवामानाची भीती अवाजवी ठरवली. २००६ मध्ये त्याच इव्हँजेलिकल पंथातल्या नेत्यांनी हवामानबदलावर कृती करणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे असे निवेदन काढले. हातात बायबल एकच. मग निर्णय बायबल करते की माणसाचे आधीच ठरलेले राजकारण?

उंबरठा

शंकासुर, तुआन यांचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो, आणि म्हणूनच 'आमच्या धर्मात निसर्गाला किती मान आहे' या छापाचे लेखन मला निरुपयोगी वाटते. आदराची भाषा कोणत्याही धर्मात मुबलक सापडते. लेवीयमधला फरक असा की तिथे आदराचा उल्लेखच नाही. तिथे मुदत आहे, हिशेब आहे आणि दंड आहे. योबेल वर्ष प्रत्यक्षात कधी पाळले गेले का, याविषयी अभ्यासकांना दाट शंका आहे. सातव्या वर्षाच्या विसाव्याचे मात्र तसे नाही. तो पाळला जात होता याचे दाखले जुन्या इतिहासकारांनी नोंदवले आहेत आणि आजच्या इस्राएलातही तो विषय जिवंत आहे. २०२१-२२ हे तसे वर्ष होते. आपली सवयीची गंमत तिथेही आहेच: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या वर्षापुरती जमीन कागदोपत्री बिगर-यहुदी माणसाला विकून शेती चालू ठेवण्याची तोड काढलेली आहे. आपल्याकडचे बेनामी व्यवहार जाणणाऱ्यांना ती परकी वाटू नये.

विश्रांतीचा नियम कोकणाने पाहिलेला आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या बेने इस्राएल यहुद्यांना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आठवड्यातला एक दिवस उत्पन्न सोडण्याइतकी ताकद एखाद्या ग्रंथवचनात असू शकते, एवढा पुरावा माझ्यासाठी पुरेसा आहे.

डोंगरवाट

देवरायांवर काही वर्षे काम केलेले असल्यामुळे 'ख्रिस्ती धर्माने देवता हुसकावल्या' या वाक्यापाशी मी थांबलो. ते निराधार नाही. आठव्या शतकात संत बोनिफेस यांनी जर्मनीत गाइस्मार येथे डोनार देवाचा पवित्र ओक वृक्ष तोडला, ही कथा चर्चनेच अभिमानाने सांगितलेली आहे. त्याच धर्माचे एक वेगळे रूप मात्र इथिओपियात दिसते, आणि मराठी माणसाने ते आवर्जून पाहावे.

उत्तर इथिओपियाच्या पठारावर, विशेषतः दक्षिण गोंदार भागात, विमानातून पाहिले तर पिवळ्या-तपकिरी शेतांत गर्द हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी ऑर्थोडॉक्स तेवाहेदो पंथाचे एक गोल चर्च असते. भोवतालचे मूळ जंगल शेती, चराई आणि जळणासाठी संपले. उरले ते चर्चभोवतीचे, बऱ्याच ठिकाणी जेमतेम काही हेक्टरांचे. तिथल्या धर्मगुरूंच्या दृष्टीने ते रान चर्चचे वस्त्र आहे आणि एदेन बागेची आठवणही. इथिओपियन वनस्पतिशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी यांनी या वनांचा अभ्यास केला आणि अमेरिकन संशोधक मार्गारेट लोमन यांच्यासह धर्मगुरूंना सोबत घेऊन त्यांच्या रक्षणाचे काम उभे केले. उपाय अगदी साधा निघाला: शेतातले दगड वेचायचे आणि वनाभोवती गडगा घालायचा, म्हणजे गुरे आत शिरत नाहीत आणि रोपे जगतात.

आपल्या देवराईशी साम्य उघड आहे, फरक अधिक बोलका आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या ज्या देवरायांचा अभ्यास केला, तिथे राई देवाची असते आणि फांदी तोडली तर देव कोपतो. इथिओपियात झाडात देव नाही, आणि झाडाची पूजा तर पाखंडच ठरेल. तरीही ते वन टिकले. म्हणजे झाडातला देव गेला की झाड जाते, हे व्हाइट यांचे समीकरण किमान तिथे तरी लागू पडत नाही. धाग्याच्या भाषेत सांगायचे, तर तिथेही वन कोणाच्या मालकीचे नाही, यामुळेच ते राहिले.

पारिजात

असीसीच्या फ्रान्सिसचा उल्लेख आला आणि अजून कोणी तुकोबांच्या सोयऱ्यांची आठवण काढली नाही, याचे नवल वाटले. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारा फ्रान्सिस आणि वृक्षवल्लींना सोयरे म्हणणारे तुकोबा यांच्यात मला तरी अंतर दिसत नाही. अनुभव एकच आहे. धर्मचिंतनाची एवढी चिरफाड कशासाठी?

उंबरठा

पारिजात, ती आठवण कोणी तरी काढणारच होते. साम्य आहेच. दोघांनीही पंडितांची भाषा सोडून लोकांची भाषा घेतली. फ्रान्सिसचे सृष्टिगीत लॅटिनमध्ये नसून इटलीतल्या उंब्रियाच्या बोलीत आहे. ते १२२४-२५च्या सुमारास, डोळ्यांच्या आजाराने उजेडही सहन होत नव्हता अशा अवस्थेत रचले गेले, आणि १२२६ मध्ये तो वारला. अंतर मला असे दिसते की तुकोबांना वनात एकांत सापडतो, जनांच्या गलबल्यापासून सुटका मिळते. फ्रान्सिसच्या गीतात एकांत नाही, भरलेले घर आहे. सूर्य, वारा, पाणी, अग्नी ही सगळी एकाच बापाची लेकरे असल्यामुळे भावंडे आहेत, आणि शेवटी मृत्यूसुद्धा बहीण म्हणून त्या घरात येतो.

चिरफाड कशासाठी, याचे उत्तर त्याच गीतात आहे. पृथ्वीला तो 'आमची बहीण, आमची माता' म्हणतो आणि पुढे म्हणतो की ती आम्हाला पोसते आणि आमच्यावर शासन करते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस पृथ्वीवर सत्ता चालवतो. इथे क्रियापदाचा कर्ता बदलला आहे. चर्चच्या आज्ञेत राहणाऱ्या एका संन्याशाने हे केले आणि कोणी त्याला पाखंडी ठरवले नाही, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या पर्यावरणविषयक परिपत्रकासाठी 'लाउदातो सी' हे नाव याच गीताच्या पालुपदातून घेतले. त्या परिपत्रकाच्या ६७व्या परिच्छेदात व्हाइट यांचे नाव न घेता त्यांच्या आरोपाची दखल आहे आणि ख्रिस्ती लोकांनी वचनांचा अर्थ कधीकधी चुकीचा लावला अशी कबुलीही आहे.

ग्रंथपाल

या विषयाचा इतिहास १९६७ पासून सुरू करण्याची सवय सोडावी, अशी नम्र सूचना करतो. जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन १९६१ मध्ये नवी दिल्लीत भरले होते. तिथे अमेरिकन लुथरन धर्मचिंतक जोसेफ सिटलर यांनी बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर भाषण केले. त्या उताऱ्यात ख्रिस्ताच्या ठायी 'सर्व काही' निर्माण झाले आणि त्याच्याद्वारे 'सर्व काही' समेटले गेले, असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. सिटलर यांचा मुद्दा असा की तारण केवळ माणसाच्या आत्म्यापुरते ठेवले आणि सृष्टी त्यातून वगळली, तर ते तारण अपुरे राहते. व्हाइट यांचा निबंध यायला तेव्हा पाच वर्षांहून अधिक अवकाश होता.

कारभारीपणावर उंबरठा यांनी घेतलेला आक्षेपही जुना आणि भारतीय आहे. केरळातल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चचे दिल्लीचे मेट्रोपॉलिटन (वरिष्ठ बिशप) पौलोस मार ग्रेगोरियोस यांनी १९७८च्या आपल्या पुस्तकात हेच म्हटले होते: कारभारी म्हटले तरी सृष्टी ही वस्तूच राहते, फक्त मालकाचे नाव बदलते. त्यांनी माणसाला पुरोहिताची भूमिका दिली, म्हणजे सृष्टी हातात घेऊन ती देवाला अर्पण करणारा. पूर्वेकडच्या चर्चांमध्ये हा विचार खोलवर आहे. कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क (ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख) दिमित्रिओस यांनी १९८९ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, आणि त्यांचे उत्तराधिकारी बार्थोलोम्यू यांनी १९९७ मध्ये निसर्गाविरुद्धचा गुन्हा हे पाप आहे असे सरळ म्हटले. तोवर त्याला चूक, निष्काळजीपणा, असमतोल अशी सौम्य नावे होती. पापाची कबुली द्यावी लागते आणि प्रायश्चित्त घ्यावे लागते, हा त्यातला धर्मशास्त्रीय फरक.

हिशेबनीस

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. जुनी जमाबंदीची कागदपत्रे वाचण्यात आयुष्य गेले. उंबरठा यांनी मिरासदार आणि उपरी हे शब्द ज्या सहजतेने वापरले, त्यावर मला गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे.

उपरी म्हणजे ज्याचे जमिनीवर काही नाही असा माणूस. तो आज या गावी, तर पुढच्या वर्षी सारा हलका असेल त्या गावी. विहीर खोदली ती मिरासदाराने, बांध घातले मिरासदाराने, आंबा-फणस लावले मिरासदाराने, कारण त्यांचे फळ आपल्या नातवाला मिळणार याची त्याला खात्री होती. ज्याला पुढच्या वर्षी उठावे लागेल, तो जमिनीतून निघेल तेवढे काढून घेतो, आणि यात त्याचा काही दोष नाही. आपला १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांमागचा विचारही हाच होता की कसणाऱ्याला हक्क मिळाला तरच तो जमिनीची निगा राखील. असे असताना 'सारी मनुष्यजात उपरी' हे तत्त्व पर्यावरणाला तारक कसे ठरते? मला तर ते घातकच वाटते. जगात सध्या जे चालले आहे ते उपऱ्यांचेच वागणे आहे: खणा, विका आणि पुढच्या गावी जा.

उंबरठा

हिशेबनीस, या प्रतिसादासाठी आपले आभार. दोन दिवस विचार केल्यावर मला माझे विधान दुरुस्त करावे लागत आहे.

आपले म्हणणे बरोबर आहे: नुसता उपरी जमीन राखत नाही. पण लेवीयमधला उपरी नुसता उपरी नाही, हे मी लिहायला हवे होते. योबेलाच्या नियमाने कुटुंबाचा वाटा पन्नास वर्षांनी त्याच्याकडे परत येतो, म्हणजे कसण्याचा हक्क वंशपरंपरागत आहे. विकता येतात ती योबेलापर्यंतची पिके, आणि किंमतही उरलेल्या वर्षांच्या संख्येवरून ठरते. आजच्या भाषेत तो भाडेपट्टा झाला. देवासमोर उपरी आणि शेजाऱ्यासमोर मिरासदार, अशी ती दुहेरी रचना आहे. मिरासदाराला नातवाची काळजी असते, ती त्यात राखली आहे. मिरासदार पुढे सावकार होऊन शेजाऱ्याची जमीन गिळतो, तेवढे अडवले आहे.

राजे पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातली नाबोथाची गोष्ट आता मला वेगळ्या प्रकाशात दिसते. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. तो बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. बाजाराच्या दृष्टीने प्रस्ताव चोख आहे. नाबोथ नकार देतो, कारण वाडवडिलांचे वतन देण्याचा अधिकार त्याला स्वतःलाच नाही. राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारवते. जमीन देवाची आहे हे तत्त्व तिथे एका शेतकऱ्याच्या तोंडी राजाविरुद्ध येते. तेच तत्त्व सत्ताधाऱ्याच्या तोंडी आले असते, तर त्याचा अर्थ 'सर्व जमीन सरकारची' असा झाला असता, हेही मान्य करतो.

ब्राझीलमध्ये याचे आधुनिक रूप घडले. अमेरिकेत जन्मलेल्या धर्मभगिनी डोरोथी स्टँग अनेक वर्षे पारा राज्यात, ॲमेझॉनच्या जंगलात वसलेल्या गरीब शेतकऱ्यांबरोबर काम करत होत्या. रान न तोडता शेती करण्यासाठी शेतकऱ्यांना दिलेल्या जमिनीवर गुरांच्या मोठ्या कुरणांचे मालक दावा सांगत होते. १२ फेब्रुवारी २००५ रोजी आनापूजवळ, वयाच्या ७३व्या वर्षी, त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. मारेकऱ्यांनी शस्त्र आहे का असे विचारल्यावर त्यांनी बायबल काढून त्यातली वचने वाचून दाखवली, असे खटल्यात पुढे आले. 'लाउदातो सी'च्या ४९व्या परिच्छेदात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा असे म्हटले आहे, ते वाचताना मला आनापू आठवते.

शंकासुर

एक शेवटचा काटा. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पृथ्वी आणि तिच्यावरची कामे जळून जातील असे म्हटले आहे. घर जळणारच असेल, तर भाडेकरूने भिंती रंगवाव्यात कशाला?

ग्रंथपाल

त्या दहाव्या वचनाच्या पाठात गोम आहे. 'जळून जातील' हे क्रियापद उत्तरकालीन हस्तलिखितांत आहे. चौथ्या शतकातील सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या प्रतींत त्या जागी 'सापडतील' किंवा 'उघडी पडतील' अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि अलीकडची बरीच भाषांतरे तोच धरतात. म्हणजे चित्र घर नष्ट होण्याचे कमी आणि झडतीचे अधिक आहे: पृथ्वीवर काय काय केले ते उघडे पडेल. भाडेकरूला याने दिलासा मिळेल असे मात्र वाटत नाही.

वाडीकर

मी वसईचा, पश्चिम पट्ट्यातला. हा सगळा धागा वाचताना नाबोथापाशी अडकलो.

आमची वाडी होती. केळी, पानवेल, मोगरा, आणि विहिरीवर आधी रहाट, मग इंजिन. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन पेटले, तेव्हा आम्ही शाळकरी मुले मोर्चांत चालत होतो. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून बाहेरच्या महाराष्ट्राने त्यांना ओळखले. आम्हाला ते आधीपासून पाणी आणि माती यांसाठी भांडणारे धर्मगुरू म्हणून माहीत होते. धर्मगुरूने इमारतींविरुद्ध बोलावे का, असे आमच्याच लोकांनी तेव्हा विचारले होते. लेवीयचा पंचविसावा अध्याय त्यांना कोणी वाचून दाखवला असता, तर प्रश्न उलटा पडला असता.

पण मला सांगायचे आहे ते निराळे. आमची वाडी कोणी हिसकावली नाही. काकांनी विकली. टँकरवाल्यांना आधी विहिरीचे पाणी विकले. पाणी मचूळ झाल्यावर केळी बसली, आणि केळी बसल्यावर जमीन विकणे हाच शहाणपणा ठरला. त्या क्रमात प्रत्येक पायरी समजण्यासारखी होती. अहाब कोणी नव्हता. नाबोथच भाव विचारत होता. रविवारी मिस्साला आम्ही सगळे एकाच बाकावर बसत होतो, आणि जमीन विकू नये असे वचन बायबलात आहे हे मला आज, वयाच्या पन्नाशीत, या धाग्यावर कळते आहे. प्रवचनात बाकी सारी वचने ऐकली.

हिशेबनीस

वाडीकर, आपल्या काकांचा दोष फार मानू नये. विहीर एकाची असली, तरी खालचे पाणी साऱ्या आळीचे असते. शेजारी उपसू लागला की न उपसणाऱ्याचेही पाणी जाते. अशा वेळी राखणारा एकटा पडतो. योबेलाचा नियम सगळ्यांना एकाच वर्षी लागू होता, यात मला आता थोडे तथ्य दिसू लागले आहे.

गावठाण

मुंबईतल्या एका ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या) गावठाणात राहतो. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे सुगीचा सण, असतो. नव्या भाताच्या पेंढ्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, धर्मगुरूंनी आशीर्वाद द्यायचा आणि लोंब्या घरोघर वाटायच्या. आजोबांच्या वेळी पेंढ्या चर्चमागच्या शेतातल्या असत. ते शेत कधीच गेले. गेली अनेक वर्षे आम्ही पालघरकडच्या एका बाईंकडून पेंढ्या विकत आणतो, टेम्पोतून. दुसऱ्याच्या जमिनीतले धान्य आपले म्हणून अर्पण करताना कोणाला काही वाटत नाही, मलाही वाटत नव्हते. ग्रंथपाल यांनी पुरोहिताची कल्पना लिहिली, तेव्हा प्रथमच प्रश्न पडला की आपण नेमके काय अर्पण करतो आहोत.

गेल्या वर्षी आईने गच्चीवर चार प्लॅस्टिकच्या क्रेटांत माती भरून भात लावले. एकच लहानशी पेंढी झाली, तीही चिमण्यांनी अर्धी रिकामी केलेली. आईने ती टेम्पोतल्या पेंढ्यांत मिसळू दिली नाही. वेगळी धरून चालली.

उंबरठा

सातव्या वर्षी रानातल्या जिवांचा वाटा असतो. आपल्या आईंनी तो पहिल्याच वर्षी दिला. यंदाही लावणार आहात का?

गावठाण

हो. क्रेट सात झाले आहेत, शेजारच्या दोन घरांनी दिले.

हिशेबनीस

भाताची जात कोणती?

गावठाण

कोलम. बियाणे त्या पालघरच्या बाईंनीच दिले. पैसे घेतले नाहीत.